थोरल्याच्या नावावरचं घर

आमच्यात घर थोरल्याच्या नावावर असतं. कमावणारा कोणी का असेना, राबणारा कोणी का असेना, कागदावर नाव थोरल्याचं. हा काही धर्माने सांगितलेला नियम नाही आणि कुठल्या सरकारनेही केलेला नाही. आमच्या खाडीकाठच्या गावात हिंदूंकडेही तेच आणि आमच्याकडेही तेच. लग्नाच्या आमंत्रणात पहिलं नाव थोरल्याचं, परातीत पहिला हात थोरल्याचा, आणि घराच्या कागदावर नाव थोरल्याचं. या एका रीतीपायी आमची जी वाट लागली ती मी सांगणार आहे. रडत सांगणार नाही. ते करून झालं. आता नुसता राग उरलाय, आणि तो कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही कोकणी मुसलमान, रत्नागिरी जिल्ह्यातले. घरात बोलायचं ते मराठीच, फक्त आमच्या वळणाचं. आईला आई म्हणायचं आणि बापाला बाबा. बाबा अंधेरीत एका कारखान्यात फिटर होते. त्यांना एकच भाऊ, थोरला. बाबा त्यांना भाई म्हणायचे, मी मोठेबाबा म्हणायची. मोठेबाबांचं लग्न झालं होतं, पण ती बाई वर्षाच्या आत बाळंतपणात गेली आणि नंतर त्यांनी पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. ते आमच्यातच राहायचे.

गावातून त्या काळी माणसं पोट भरायला दोनच ठिकाणी जायची, मुंबईला नाहीतर कराचीला. मुंबईत आतेभाऊ असेल तर मुंबई, कराचीत मामू असेल तर कराची. याच्यापलीकडे कोणी विचार करत नसे. मोठेबाबांचे मामू कराची बंदरावर होते, म्हणून मिसरूड फुटायच्या आत मोठेबाबा कराचीला गेले. तेव्हा कराची हिंदुस्थानात होती. मग एके दिवशी ती नव्हती. मोठेबाबा सांगायचे, "मी कुठं गेलो नाय. मी क्रेनवरच बसलो होतो. मुलूख माझ्या खालून सरकला." हे ते हसत सांगायचे आणि ऐकणारेही हसायचे.

फाळणीनंतर चारसहा वर्षांनी गावाहून निरोप गेला की आई अंथरुणाला खिळलीय, तोंड बघायचं तर ये. बोटीत चढायला आता कागद लागत होता. बंदरावरच्या एका एजंटाने मोठेबाबांना पाकिस्तानचा पासपोर्ट काढून दिला. मोठेबाबांना ते बोटीचं तिकीटच वाटलं, जरा जाड. गावच्या शाळेत चौथी शिकलेले होते, तेव्हा त्यांनी त्याच्यावर ऐटीत सही केली, आणि तीही मराठीत. दुसरी लिपी येत होती कुठे! ते आले, आजीने त्यांच्या हातचं पाणी घेतलं आणि डोळे मिटले. दफन झाल्यावर मोठेबाबा अंधेरीला बाबांकडे आले ते राहिलेच. परत जायचं कुणाला होतं? ते तर आपल्या घरी आले होते.

पण सरकारच्या लेखी ते घरी आले नव्हते, पाहुणे आले होते. आपला जिल्हा, आपली खाडी, आपल्या आईची कबर, आणि हा माणूस परदेशी. कारण काय, तर त्याने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, म्हणजे तो देश त्याने आपखुशीने पत्करला. मोठेबाबांना दर थोड्या महिन्यांनी मुदत वाढवून घ्यावी लागे आणि पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे. हिंदुस्थानचं नागरिक करून घ्या असा अर्जही त्यांनी केला होता. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आम्ही वर्षं मोजायचीही सोडून दिली.

हजेरीला जाताना ते मला बरोबर न्यायचे. मला ती मजाच वाटायची, कारण परत येताना चणे मिळायचे. ठाण्यातला हवालदार आमच्याच जिल्ह्यातला होता, खाडीच्या पलीकडच्या गावातला. मोठेबाबांना बघितलं की तो बाक पुसायचा.

"या परदेशी," म्हणायचा. "काय म्हणतोय गाव?"

"गावाला जायची परवानगी तूच देत नाय, मना काय इचारतोस?"

"मी देणारा कोण रे! साहेबाला सांग." मग पुस्तकात नोंद करताकरता तो विचारायचा, "यंदा आंबा कसा हाय म्हणतात?" आणि ते दोघं अर्धा तास आंब्यावर बोलायचे. एकाच खाडीचं पाणी प्यालेले दोघं, एक पोलीस आणि एक परका. मला लहानपणी यात काही चुकीचं दिसलं नाही. आज आठवलं की डोकं फिरतं.

घराचं झालं ते असं. आम्ही तेव्हा भाड्याच्या एका खोलीत होतो, अंधेरीच्या पूर्वेला. आजूबाजूला भाताची खाचरं होती, तिथल्या जुन्या कॅथलिक गावकऱ्यांची. त्यांचीही बोली मराठीच. कारखाने येत होते तशी ती मंडळी जमिनीचे तुकडे विकत होती. शेजारी कुरळ्या पांढऱ्या केसांचे एक म्हातारे कॅथलिक शेतकरी राहायचे, त्या आजोबांनी बाबांना विहिरीजवळचा एक तुकडा देऊ केला. बाबांनी ओव्हरटाइम करून आणि आईच्या बांगड्या मोडून पैसे उभे केले. मोठेबाबांचा त्यात काही वाटा नव्हता; ते बिचारे ओट्यावर बसून लोकांचे स्टोव्ह दुरुस्त करायचे आणि त्यावर आपला चहा-विडीचा खर्च भागवायचे. परदेशी माणसाला धड नोकरी कोण देणार?

आणि तरी बाबांनी ठरवलं की कागद भाईच्या नावावर करायचा.

आई तिखट बाई होती. ती म्हणाली, "अहो, राबलात तुम्ही, माज्या बांगड्या गेल्या, आणि नाव त्यांचा? त्यांच्या मागं आधीच पोलिसाचा लचांड हाय."

"थोरला जिवंत असताना धाकट्याच्या नावावर घर? लोक तोंडात शेण घालतील."

"लोक येतील का राहायला?"

"गप ग," बाबा म्हणाले. "तो घरात बसून खातो असा त्याला वाटतो. कागदावर नाव असला की ताठ मानेने बसेल."

हे मला कळायला फार वर्षं लागली. बाबांनी नुसती रीत पाळली नव्हती. ज्या माणसाला कुठलाही देश आपला म्हणत नव्हता, त्याला ते घर देत होते. नुसती रीत असती तर मला बाबांवर मनसोक्त रागावता तरी आलं असतं.

पैसे द्यायचेही रीतीनेच दिले. बाबांनी रुमालात बांधलेले पैसे मोठेबाबांच्या हातात ठेवले आणि मोठेबाबांनी ते शेजारच्या आजोबांच्या हातात. देणारा हात थोरल्याचा हवा. आजोबांनी छातीवर क्रूसाची खूण केली, मोठेबाबांनी बिस्मिल्ला म्हटलं, आणि सगळ्यांना सरबत मिळालं. कागदावर मोठेबाबांनी सही केली, तीच ऐटीतली मराठी सही.

घर म्हणजे काय, दोन खोल्या, कौलं आणि पुढे ओटा. पण आमचं. बाबांनी कारखान्यातून पितळेचा एक तुकडा आणला आणि सुट्टीच्या दिवशी बसून त्याच्यावर मोठेबाबांचं नाव कोरलं. फिटरचा हात, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पाटी दाराला लागली त्या दिवशी मोठेबाबा तीनदा बाहेर जाऊन आत आले. उगीचच. आई आतून बघत होती. ती जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नसे, आमच्यात तशी रीतच, माझ्यामार्फत बोलायची. मला म्हणाली, "मोठेबाबांना सांग, पाटी छान दिसते." तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं, तरीही ती म्हणाली.

मोठेबाबा खरंच ताठ बसायला लागले. स्टोव्ह घेऊन येणाऱ्याला आधी पाटी दाखवायचे. ओट्याच्या कडेने त्यांनी अळू लावलं, विहिरीवर पहिला हक्क आमचा म्हणून शेजाऱ्यांशी उगाच भांडले आणि मग त्यांनाच भाजी नेऊन दिली. मी त्यांना एवढं आनंदात पुढे कधी पाहिलं नाही.

मग पासष्टची लढाई झाली.

दिवे बंद ठेवायचे, काचांना काळे कागद लावायचे, असले दिवस. पोलीस दिवसाढवळ्या आले. बरोबर आंब्याचा हवालदारही होता. त्याने कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. "चल रे," एवढंच म्हणाला. पाकिस्तानचे जितके नागरिक मुंबईत होते त्या सगळ्यांना धरत होते, आणि सरकारदरबारी मोठेबाबा पाकिस्तानचे नागरिक होते. मोठेबाबांनी चपला घातल्या, पुन्हा काढल्या, आत येऊन पाणी प्याले आणि गेले. त्यांना कुठल्याशा छावणीत ठेवलं होतं. काही महिन्यांनी सोडलं तेव्हा त्यांचे दात हलत होते आणि ते पाटीकडे न बघता आत शिरले.

शेजाऱ्यांपैकी काहींनी स्टोव्ह द्यायचं बंद केलं. कॅथलिक आजोबा मात्र रोज ओट्यावर येऊन बसायचे, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असे. एका पोराने आमच्या अंगणात दगड टाकला तर आजोबांनी त्याला गावठी शिव्यांची अशी लाखोली वाहिली की त्याच्या आईला कान झाकावे लागले. तो माणूस आमचा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्यांच्याच तोंडून झालं.

आम्हाला वाटलं, मोठेबाबा सुटले, म्हणजे संपलं. कसलं संपतंय! एक दिवस दारावर सरकारी कागद चिकटवला गेला. बाबांनी तो कारखान्यातल्या साहेबाकडून वाचून घेतला आणि घरी आले ते भिंतीला टेकून बसले. पाकिस्तानच्या नागरिकाची हिंदुस्थानात जी काही घरंदारं असतील ती आता शत्रूची मालमत्ता, आणि ती सरकारच्या ताब्यात. आमचं घर मोठेबाबांच्या नावावर. म्हणून आमचं घर शत्रूचं.

आई म्हणाली, "शत्रू कोण?"

मोठेबाबा ओट्यावर स्टोव्हच्या पिना साफ करत होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

एक गोष्ट आईने कधी केली नाही. "मी सांगत होते," हे शब्द तिने मरेपर्यंत उच्चारले नाहीत. मी असते तर रोज जेवणाबरोबर वाढले असते.

बाबांनी वकील गाठला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे बाबांनाही ठाऊक होतं, पण घर जात असताना शहाणपण कुणाला सुचतं? वकील चांगला होता. त्याने समजावलं ते मी बाजूला बसून ऐकलं, शाळेत मराठी-इंग्रजी दोन्ही चांगलं म्हणून बाबा मला न्यायचे. तो म्हणाला, "भावाच्या नावावरचं घर आता तुमच्या नावावर करून घेता येणार नाही. ती वेळ गेली. एकच रस्ता आहे. घर पहिल्यापासून तुमचंच होतं, पैसे तुमचे, भावाचं फक्त नाव, हे सिद्ध करा. तुम्ही हिंदुस्थानचे नागरिक आहात. मग ते शत्रूचं ठरत नाही."

"पैसे माझेच होते!" बाबा उठून उभे राहिले.

"मग झालं तर. पैसे देताना कोणी बघितलं?"

"सगळ्यांनी बघितला. विकणारे आजोबा आहेत ना अजून."

त्या संध्याकाळी आमच्या घरी सांदणं झाली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा गोड झालं. आई मला म्हणाली, "मोठेबाबांना सांग, अजून दोन घ्या."

चौकशीच्या दिवशी कॅथलिक आजोबा रविवारचा कोट घालून आले. कचेरीतल्या साहेबाने त्यांना विचारलं, जमीन तुम्ही विकलीत का? हो. पैसे मिळाले का? हो, पूर्ण. पैसे कोणी दिले?

आजोबांनी बाबांकडे बघितलं, मोठेबाबांकडे बघितलं. मग आपल्या गळ्यातल्या क्रूसावर हात ठेवला.

"मोठ्याने दिले," ते म्हणाले. "त्याच्या हातून मी घेतले. पन ते पैशे धाकट्याचे होते साहेब, सगल्या गावाला माहीत हाय!"

"तुम्ही ते धाकट्याने कमावताना बघितले?"

"नाय, पन—"

"धाकट्याने तुमच्या हातात दिले?"

"नाय. मोठा असताना धाकटा कसा देल?"

साहेबाला हे समजेना. तो चांगल्या घरचा, शिकलेला, शहरातला माणूस होता. त्याला वाटलं म्हातारा फिरवाफिरवी करतोय. तो लिहिणाऱ्याला म्हणाला, पैसे थोरल्या भावाने दिले, एवढं घ्या. मी ओरडले, "अहो, तशी रीत असते!" तर बाबांनी माझा दंड धरला. साहेब म्हणाला, "बेटा, रीत कायद्यात चालत नाही." पैसे भावाचेच होते असं मोठेबाबांनीही सांगितलं, पण शत्रूचा शब्द कोण धरणार? आईच्या बांगड्यांची पावती होती का? सोनार ओळखीचा, पावती कोण मागणार? ओव्हरटाइमचे पैसे बाबांनी दर महिन्याला आधी भाईच्या हातात ठेवून मगच साठवले होते. पगारसुद्धा. आमच्या घरात पैसा मुळी थोरल्याच्या हातूनच बाहेर पडायचा. बाहेरच्याने बघितलं तर घर चालवणारा, देणारा, घेणारा, सगळं मोठेबाबाच. बाबांनी आयुष्यभर जो मान दिला, त्यातला कणन् कण विरुद्ध पुरावा होऊन समोर आला.

आजोबा परत येताना वाटेतल्या क्रूसापाशी बसून ढसाढसा रडले. "मी वाट लावली तुमची," म्हणाले. मोठेबाबांनी त्यांना उठवलं. "तू खरं बोललास," म्हणाले. "तुजा काय चुकला?"

निकाल लागला. घर सरकारी ताब्यातलं, पण आत राहणाऱ्यांना लगेच बाहेर काढणार नाहीत, भाडं भरायचं. म्हणजे बाबांनी बांधलेल्या घरात बाबा भाडेकरू झाले. विकायचं नाही, खोली वाढवायची नाही, कौलं बदलायची तर अर्ज करायचा. आम्ही अर्ज केला. उत्तर आलं नाही. पुन्हा केला. पावसाळ्यात आतल्या खोलीत पातेली ठेवून आम्ही ओट्याच्या बाजूला सरकून झोपायचो. बाबा फिटर माणूस, हात शिवशिवायचे त्यांचे, पण एक कौल बदललं आणि तेवढ्यावरून हाकलून दिलं तर?

मग एक दिवस जेवताना मोठेबाबांनी मनातलं बोलून दाखवलं.

"मी जातो," म्हणाले. "कराचीला."

बाबा म्हणाले, "भाई, येड लागला का तुम्हाला?"

"नीट ऐक. घर शत्रूचा का? तर शत्रू घरात बसलाय. मी हाय म्हणून हा सगळा. मुदत पण आता वाढवून देत नायत. मी आपल्या पायांनी गेलो तर त्यांना काय राहिला? शत्रू गेला. घर तुजा."

"तसा कायदा नाय, भाई. वकिलाला विचारू."

"वकिलाला इचारून इतके दिवस काय झाला?"

भांडण पेटलं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावावर आवाज चढवला. म्हणाले, घर गेलं खड्ड्यात, तुम्ही जायचं नाही. मोठेबाबा म्हणाले, थोरला मी आहे, मी सांगतो ते ऐकायचं. आणि बाबा गप्प बसले! गप्प बसले हो! त्या क्षणी त्यांना हाताला धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला. तेव्हा आई उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि सरळ जेठासमोर उभी राहिली.

"भाईजी," ती म्हणाली, "जाऊ नका. मना घर नको."

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी थेट बोलली ती तेवढीच वाक्यं. मोठेबाबांनी खाली बघितलं. म्हणाले, "पोरीला घर पाहिजे." आणि हात धुवायला गेले.

वकिलाने नको नको म्हणून सांगितलं. नागरिकत्वाचा अर्ज अजून जिवंत आहे, गेलात की तो मेला, असंही म्हणाला. मोठेबाबांनी मान हलवली आणि ठाण्यात जाऊन सांगितलं की मी जायला तयार आहे. हवालदार, तोच तो, बदलीवर जायच्या बेतात होता. त्याने कागद पुरे केले आणि विचारलं, "नक्की ना रे?" मोठेबाबांनी विचारलं, "मी गेलो की घर मोकळा होईल ना?" हवालदार म्हणाला, "होईल की. न व्हायला काय झालं?" त्याला काय माहीत असणार? धीर द्यायला बोलला बिचारा. पण मोठेबाबांनी तो शब्द सरकारचा म्हणून धरला.

जायच्या दिवशी ते ओट्यावरून उतरले, पाटीवरून रुमाल फिरवला आणि बाबांना म्हणाले, "ही काढ आणि तुज्या नावाची लाव. घर झाला की लगेच लाव." मग पंजाबच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या गाडीत बसले. बंदोबस्ताला एक पोलीस होता. त्याच्याशी ते बोलत होते; आंब्याचं नसेल, तो पंजाबी होता.

ते गेल्यावर बाबा कचेरीत गेले. माझा भाऊ गेला, आता घराचं काय? कारकून म्हणाला, "गेला ना? मग तर प्रश्नच मिटला. आता ते पक्कं शत्रूचं." त्याने हे काही दुष्टपणाने सांगितलं नाही. त्याच्या दृष्टीने काम सोपं झालं होतं.

पुढे एकाहत्तरची लढाई झाली. येणंजाणं बंद, काही कळायचा रस्ता बंद. आमच्या आजूबाजूची खाचरं भरली, कारखाने झाले, मग चार-चार मजल्यांच्या सोसायट्या उठल्या. बाबांच्या कारखान्यातल्या लोकांनी मिळून मुलुंडला सोसायटी काढली. बाबांनाही विचारलं. बाबा नाही म्हणाले. आपण उठलो तर घर दुसऱ्या कुणाला भाड्याने देतील, आणि भाई आला तर कुठे येईल? मी म्हटलं, बाबा, ते येणार नाहीत. ते म्हणाले, तू नको बोलू. कॅथलिक आजोबा वारले. कौलं तशीच राहिली. मी शिकले, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका झाले, आणि सांगून आलेल्या दोन स्थळांनी घराची चौकशी केली आणि परत उत्तर दिलं नाही. शत्रूच्या घरातली मुलगी कोण करणार!

सत्तरीचं दशक सरत आलं तेव्हा पुन्हा थोडेथोडे व्हिसा मिळायला लागले. आमच्या गावची एक बाई, आईची लांबची बहीण, लग्न होऊन कराचीला गेलेली, माहेरी आली. आमच्याकडे एक दिवस आली तीही आधी पोलीस ठाण्यात नोंद करून. चपला काढायच्या आधीच बाबांनी विचारलं, "भाई?"

भाई होते. म्हातारे झाले होते, एक डोळा गेला होता. बंदराजवळ एका खोलीत चारपाच जणांबरोबर राहत होते.

"दुलाभाई, आमच्या लोकांनी वस्तीत प्लॉट घेतले ना, तेव्हा त्यांना पण म्हटला, तुम्ही पण घ्या एक. स्वस्त होते तेव्हा," ती बाबांना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, म्हणाली. "तर म्हणाले, मना कशाला? माजा घर अंधेरीला हाय."

आई आत निघून गेली. मावशीने चहाचा कप खाली ठेवला.

"त्यांनी एकच इचारायला सांगितलाय. घर तुमच्या नावावर झाला का?"

वरती आढ्याकडे बघितलं असतं तरी तिला उत्तर मिळालं असतं. फुटकी कौलं, काळी पडलेली भिंत, कोपऱ्यात पातेली. मी तोंड उघडलं. मी सगळं सांगणार होते. कोणाला तरी सांगायचंच होतं मला.

"झाला," बाबा म्हणाले. "ते गेले त्याच वर्षी झाला. सांग त्यांना."

"अल्ला!" ती बाई रडायलाच लागली. "मग जीव सुटला त्यांचा. रोज तेच बोलतात हो."

जाताना ती दारात थबकली. पाटीवर बोट ठेवून वाचलं आणि वळून बघितलं. "ही तर त्यांचीच पाटी?"

"मग कोणाची असणार?" बाबा म्हणाले. "घर माझ्या नावावर असला म्हणून काय झाला? थोरला तोच ना."

तिला ते इतकं पटलं की तिने पाटीला हात लावून डोळ्यांना लावला. हेही त्यांना सांगते म्हणाली.

ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर मी बाबांवर तुटून पडले. म्हटलं, खोटं का बोललात? ते तिथे सडतायत आणि त्यांना वाटतंय घर झालं! बाबा ओट्यावर बसले होते, मोठेबाबांच्या जागेवर. त्यांनी ओट्याच्या कडेची माती हाताने झाडली. मग म्हणाले, "नाय झाला सांगितला असता तर तो कशासाठी गेला, ते सांग मना."

दुसऱ्या दिवशी भाडं भरायची तारीख होती. बाबांनी धुतलेला सदरा घातला, पिशवीत जुन्या पावत्या घेतल्या आणि कचेरीत जायला निघाले.